पहिली गिटार घडवताना: आधी हवा बघा, मग लाकूड

माझ्या पहिल्या गिटारला एप्रिलमध्ये तडा गेला. भर दुपारी, भिंतीवर टांगलेली असताना, कुणी हातही लावलेला नसताना ‘टक्’ असा आवाज आला आणि ब्रिजपासून (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीपासून) खालच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ उमटली. लाकूड चांगलं होतं, जोड घट्ट होता, ब्रेसही (फळीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) पक्के चिकटले होते. पण ते ब्रेस मी पुण्यात जुलैमध्ये चिकटवले होते, आणि सगळी गोम तिथेच होती.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. हवेची आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात मुरलेलं पाणी साधारण १६ टक्के असतं. तीच हवा ३० टक्क्यांवर आली की ते ६ टक्क्यांच्या आसपास उतरतं. एवढ्या फरकात स्प्रूसची, म्हणजे गिटारच्या पुढच्या बाजूला लावतात त्या सूचिपर्णी लाकडाची, ३८० मिमी रुंद फळी पाच-साडेपाच मिलिमीटर आकसू पाहते. तिच्या पाठीवर आडवे चिकटवलेले ब्रेस लांबीत आकसत नाहीत, त्यामुळे फळीलाही आकसू देत नाहीत. मग फळी फाटते. पावसाळ्यात अडकणारं आणि होळीनंतर आपोआप सैल होणारं घरातलं दार हेच सांगत असतं, फक्त ते फाटत नाही म्हणून आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही.

हा लेख ज्यांनी थोडीफार सुतारकी केली आहे, निदान रंध्याने फळी सरळ केली आहे, पण वाद्य कधी बनवलेलं नाही अशांसाठी आहे. स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार एकट्याने, घरातल्या जागेत बनवायची तर सुरुवात कुठून करायची आणि लाकूड कसं निवडायचं, एवढंच यात आहे.

हायग्रोमीटर आणि पंचांग

पहिली खरेदी हायग्रोमीटरची, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या मीटरची करा. चार-पाचशे रुपयांचा डिजिटल चालतो, पण तो पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-दोन थेंब पाणी घालून नुसतं ओलं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ८१ दाखवत असेल तर तो ६ने पुढे धावतोय, हे त्याच्या पाठीवर पेनाने लिहून टाका.

ब्रेस चिकटवणं आणि बॉडी बंद करणं ही दोन कामं ४० ते ५० टक्के आर्द्रतेतच करायची. लाकूडही निदान दोन आठवडे त्याच हवेत पडून असायला हवं, कारण आजची हवा कोरडी म्हणून लाकूड आजच्या आज कोरडं होत नाही. पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दुपारी ही हवा फुकट मिळते. पावसाळ्यातही हात बांधून बसायचं नसतं. साचे करा, पटाश्यांना धार लावा, नेक (गिटारची मान) कोरा, फिंगरबोर्डला (नेकवरच्या, बोटं फिरतात त्या पट्टीला) खाचा पाडा.

मुंबई, कोकण आणि गोव्यात राहणाऱ्यांना हवेची वाट बघत बसून भागणार नाही. तिथे डीह्युमिडिफायर किंवा एसीची बंद खोली लागते. तेही नसेल तर जुन्या लोखंडी कपाटात तळाशी तारेचा पिवळा बल्ब लावून त्यात टॉप (पुढची फळी), बॅक (पाठ) आणि ब्रेस ठेवायचे, मीटर आत टांगायचा. चिकटवण्यापुरते भाग बाहेर काढायचे आणि लगेच परत आत ठेवायचे. बल्बपासून लाकूड हातभर लांब ठेवा आणि घरात कुणी नसताना तो लावू नका.

विदर्भातल्या मे महिन्यात उलटं होतं. अतिकोरड्या हवेत चिकटवलेला टॉप पावसाळ्यात फुगतो, पोट पुढे काढतो आणि तारा उंच जातात. ते त्रासाचं आहे, पण त्याने वाद्य मोडत नाही. ओल्यापेक्षा कोरड्याची चूक परवडते.

कोणत्या आकाराची गिटार

पहिल्या गिटारसाठी मी ओएम आकार सुचवतो. मार्टिन कंपनीने १९२९मध्ये काढलेला हा आकार. खालचा घेर ३८१ मिमी, तारेची मोजायची लांबी ६४५ मिमी, नेकचा बॉडीला १४व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरचे धातूचे पडदे) जोड. दुकानात सगळीकडे दिसणारी ड्रेडनॉट यापेक्षा मोठी असते. खरं सांगायचं तर ड्रेडनॉटची कंबर कमी वळलेली असल्याने साइड, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, वाकवणं सोपं जातं. तरी ओएम मांडीवर नीट बसते, थोड्या रुंदीच्या फळीत भागते आणि छोट्या टॉपमध्ये जाडी चुकली तरी सावरता येते.

पूर्ण मापाचा छापील नकाशा विकत घ्या. स्क्रीनवरून मापं उतरवून काढलेल्या नकाशात दोन मिलिमीटरची चूक राहिली की ती थेट ब्रिजच्या जागेवर जाऊन बसते.

टॉपचं लाकूड

गिटारच्या आवाजाचा मोठा हिस्सा टॉप ठरवतो. सतारीत जिला तबली म्हणतात तीच ही. स्पेनच्या आल्मेरियातले आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२मध्ये एक गिटार बनवली, तिची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या होत्या, टॉप मात्र उत्तम स्प्रूसचा. आवाज टॉपमध्ये असतो हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. नवखे लोक पैसे नेमके उलटे खर्च करतात. पाठीसाठी नक्षीदार महाग लाकूड घेतात आणि टॉपला मिळेल ते लावतात.

टॉपला हलकं आणि तरीही ताठ लाकूड लागतं, आणि हा गुण थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडांत सापडतो. सिटका स्प्रूस अलास्का ते ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचा, घनता घनमीटरला चारशे किलोंच्या थोडी वर. पहिल्या गिटारला हाच घ्या. सरळ रेषांचा मिळतो, चूक सहन करतो. युरोपियन स्प्रूस आल्प्सच्या बाजूचा, महाग आणि देखणा. वेस्टर्न रेड सीडर आणखी हलका, तांबूस, पहिल्या दिवसापासून मोकळा वाजणारा, पण नखानेसुद्धा खड्डा पडेल इतका मऊ. सीडर या नावाला भुलून वखारीतून देवदाराची फळी आणू नका. देवदार खरोखरचा सीडर आहे हे खरं, पण गिटारवाल्यांचा ‘रेड सीडर’ वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात सीडरच नाही. देवदार त्याच्यापेक्षा बराच जड आणि तेलकट असतो.

टॉपच्या दोन फळ्या एकाच तुकड्यातून पुस्तकासारख्या उघडलेल्या असतात. प्रत्येक फळी निदान ५५० मिमी लांब, २०५ मिमी रुंद आणि ४ मिमी जाड हवी. हातात घेतल्यावर या गोष्टी बघा.

आधी टोक बघा. वाढीच्या वलयांच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात, उभ्या असल्या पाहिजेत. कडेला थोड्या कलल्या तर चालतं, मधोमध मात्र उभ्याच हव्यात. असं उभं कापलेलं लाकूड कमी आकसतं आणि जास्त ताठ असतं. नीट उभ्या कापलेल्या स्प्रूसवर तिरक्या उजेडात रेशमासारखी आडवी झळाळी दिसते.

मग दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात फिरवा. एक बाजू उजळ आणि दुसरी मळकी दिसली, आणि उलट फिरवल्यावर ती अदलाबदल झाली, तर लाकडाचे तंतू फळीला समांतर नाहीत, ते पृष्ठभागातून तिरके बाहेर पडताहेत. याला रनआउट म्हणतात. थोडा रनआउट चालतो. जास्त असेल तर ब्रिजच्या जागी टॉप कमकुवत होतो, रंधाही एका बाजूला गुळगुळीत चालतो आणि दुसरीकडे ढलपे उपटतो.

मग वाजवून बघा. फळी टोकापासून साधारण पाव लांबीवर, कडेला दोन बोटांत हलकेच धरा आणि मधोमध बोटाच्या पेराने टकटक करा. चांगली फळी स्वच्छ वाजते आणि सूर थोडा रेंगाळतो. ओली किंवा मऊ फळी ‘थप्’ म्हणून गप्प बसते. एकट्या फळीवरून काही कळत नाही. चार-पाच एकामागून एक वाजवा, तासाभरात कान फरक ओळखू लागतो.

रेषा किती बारीक यावर फार जीव टाकू नका. इंचात वीस रेषा म्हणजे उत्तम आणि दहा म्हणजे टाकाऊ, असं काही नसतं.

स्प्रूसचे टॉप आपल्याकडे वाद्यांचं लाकूड विकणाऱ्यांकडून ऑनलाइन मागवता येतात. परदेशातून थेट मागवणार असाल तर विकणारा वनस्पती-आरोग्याचा दाखला जोडतो का हे आधी विचारा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं. सरावासाठी इमारती कामाच्या आयात स्प्रूसच्या फळ्या शहरातल्या मोठ्या वखारींत मिळतात. त्यांच्या ढिगात एखादी उभ्या रेषांची, बिनगाठीची फळी निघते. ब्रेससाठी ती झकास.

पाठ आणि बाजू: घरचंच लाकूड

इथे आपण नशीबवान आहोत. जगभरच्या गिटारींच्या पाठीला जे इंडियन रोझवूड लावतात ते म्हणजे आपली शिसवी. १९६९मध्ये मार्टिन कंपनीने ब्राझिली रोझवूड सोडून नेहमीच्या गिटारींना ही शिसवी लावायला सुरुवात केली, कारण ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखली होती. केरळ, कर्नाटक आणि निलगिरीच्या बाजूला ही झाडं जंगलाबरोबरच कॉफीच्या मळ्यांतही सावलीसाठी वाढवलेली दिसतात.

वखारीत ‘शिसम’ म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा उत्तरेकडचं शिसम असतं, सोनेरी-तपकिरी पट्ट्यांचं. तेही रोझवूडच्याच कुळातलं, वाईट नाही, पण किंमत शिसवीची देऊ नका. शिसवी जांभळट-चॉकलेटी असते आणि घासल्यावर गोडसर वास येतो. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून फळीवर चोळा. शिसवी असेल तर कापूस जांभळा होतो. हीच गोष्ट पुढे डोकेदुखी ठरते, कारण पॉलिश करताना हा जांभळा रंग पांढऱ्या स्प्रूसवर उतरतो.

शिसवी नको असेल किंवा परवडत नसेल तर तूण बघा. मिरजेतले सतारमेकर पिढ्यानपिढ्या हेच लाकूड वापरत आले आहेत. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. तूण लालसर, हलकं आणि कामाला मऊ, महोगनीचं लांबचं नातेवाईक. पहिल्या गिटारच्या पाठीला मला ते शिसवीपेक्षा बरं वाटतं. रंधा सहज चालतो आणि एखादी साइड वाकवताना मोडली तरी डोळ्यांत पाणी येत नाही. सागवानही चालतं. पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांचं जुनं सागवान तर मुरलेलं असतं, पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात, म्हणून सॉ मिलमध्ये नेण्याआधी लोहचुंबक फिरवा. सागाच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. चिकटवण्याच्या अगदी आधी स्क्रॅपरने ताजा पृष्ठभाग काढा आणि ॲसिटोनने पुसा. आंबा आणि फणस यांच्याही सुंदर गिटारी होतात, मात्र आंबा वाळताना वाकडा होतो आणि त्याला कीडही लागते.

पाठीच्या लाकडाने आवाज किती बदलतो यावर वाद घालत लोक रात्री जागवतात. २०१८मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. सहा गिटारी, सगळ्या शक्य तितक्या सारख्या, फक्त पाठ आणि बाजूंची लाकडं वेगळी, अगदी ब्राझिली रोझवूडपासून महोगनीपर्यंत. ५२ गिटारवादकांनी डोळे झाकून त्या वाजवल्या. आवाजाला मिळालेले गुण जवळजवळ सारखेच निघाले, महाग आणि स्वस्त लाकडात ठळक फरक त्यांना करता आला नाही. माझ्या मते जाडी, वजन आणि ब्रेस यांनी आवाज बदलतो. लाकडाच्या नावाने किंमत बदलते.

कुठलंही देशी लाकूड घ्या, पावती मागा. आणि परदेशातल्या मुलाला किंवा भाचीला गिटार पाठवायचा बेत असेल तर एवढं माहीत असू द्या: ब्राझिली सोडून, शिसवीसकट रोझवूडच्या सगळ्या जाती २०१७पासून साइट्स कराराच्या (संकटात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०१९च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. नुसत्या फळ्यांना ती सूट नाही. ब्राझिली रोझवूड पहिल्या परिशिष्टात आहे, त्याच्या वाटेला जाऊच नका.

खरेदीचं माप: पाठीच्या दोन फळ्या टॉपएवढ्याच, साइडच्या दोन पट्ट्या ८०० मिमी लांब आणि १२० मिमी रुंद. नेकला महोगनी किंवा जुनं सागवान. फिंगरबोर्ड आणि ब्रिजला शिसवी. आणल्या आणल्या फळ्यांच्या मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून चळत रचा, वर वजन ठेवा आणि निदान एक उन्हाळा विसरून जा. सॉ मिलमधून ताजी कापून आणलेली फळी कितीही सुंदर दिसली तरी या वर्षीची नाही.

हत्यारं

रंधा, स्क्रॅपरचं पातं, तीन पटाश्या, बारीक दातांची करवत, गुण्या, ०.१ मिमी मोजणारा कॅलिपर, फ्रेटच्या खाचेसाठी ०.६ मिमी जाडीची करवत. यातलं फ्रेटचं करवत सोडलं तर बाकी बाजारात मिळतं.

क्लॅम्पवर पैसे उधळू नका. ब्रेस दाबायला एक चौकट करा: खाली पाट, वर पाट, मधे अडीच फूट अंतर. त्या अंतरापेक्षा थोड्या लांब बांबूच्या कामट्या धनुष्यासारख्या वाकवून ब्रेसवर उभ्या अडकवायच्या. वीस-पंचवीस कामट्यांत सगळे ब्रेस एकदम दाबले जातात. बुरूडआळीत असल्या कामट्या ढिगाने मिळतात. साइडच्या आतल्या पट्टीला कपड्यांचे लाकडी चिमटे, बाइंडिंगला (बॉडीच्या कडेच्या पट्टीला) सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या.

गोंदाचं म्हणाल तर सुतार रोज वापरतो तो पांढरा गोंद भाराखाली आणि उन्हात हळूहळू सरकतो. तारांचा ताण जिथे येतो तिथे, म्हणजे ब्रिज आणि ब्रेसना, कडक सुकणारा पिवळा सुतारी गोंद किंवा गरम सरस वापरा. सरसाचा जोड वाफेने पुन्हा सोडवता येतो, म्हणून जुने वाद्यकार त्याला चिकटून राहिले. मला त्याचा वास सहन होत नाही, मी पिवळाच वापरतो. शिसवीच्या भुशाने अंगाला खाज सुटते आणि दमा असलेल्यांना त्रास होतो, तेव्हा मास्क लावा.

जोड आणि जाडी

टॉपच्या दोन कडा रंध्याने अशा सरळ करा की एकमेकींना टेकवून उजेडासमोर धरल्यावर मधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. दाबून रेघ घालवलेला जोड उन्हाळ्यात उघडतो. बोटांच्या वजनाने जुळतो तो जोड खरा.

जोड वाळला की जाडी. ही सगळ्यात हळू करायची गोष्ट. सिटका स्प्रूस २.८ ते ३ मिमी, सीडर ३ ते ३.२, शिसवीची पाठ २.४, साइड २ ते २.२. पण कॅलिपर शेवटचा शब्द नाही. ३.३ मिमीवर आल्यावर दर दोन-चार हातांनी थांबा, फळी आडवी धरून दोन्ही अंगठ्यांनी वाकवून बघा आणि वाजवा. सुरुवातीला ती पाटासारखी टणटणीत वाजते. मग एका टप्प्यावर आवाज खाली उतरतो, घुमायला लागतो, आणि फळी हातात किंचित लवते. तिथे थांबा. पुढे गेलात तर परत येता येत नाही. माझी दुसरी गिटार मी २.४पर्यंत नेली, पहिल्या महिन्यात ती फार गोड वाजली आणि वर्षभरात ब्रिजमागे पोट सुटलं.

आवाजाचं भोक १०० मिमीचं. त्याभोवतीचं नक्षीचं कडं पहिल्या वेळी साधं ठेवा, शिसवीची एक पट्टी पुरे.

ब्रेस

टॉपच्या आत दोन मोठे ब्रेस फुलीच्या आकारात येतात. हा एक्स-ब्रेस अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजला आणि स्टीलच्या तारा आल्यावर तोच टिकला. हलक्या गेजच्या सहा तारांचा एकूण ताण सत्तर किलोंच्या वर जातो. एक मोठा माणूस त्या तीन मिलिमीटरच्या फळीला रात्रंदिवस लोंबकळतोय असं समजा.

ब्रेसची लाकडं करवतीने कापण्याआधी फोडा. स्प्रूसच्या तुकड्यावर कोयता ठेवून मोगरीने ठोका. जिथे फुटेल ती तंतूंची खरी दिशा. त्या फुटलेल्या बाजूला समांतर पट्ट्या काढा, रेषा उभ्या ठेवून. मुख्य फुली ८ मिमी रुंद आणि मध्यावर १५ मिमी उंच, टोकांकडे उतरत जाणारी. मधोमध एकमेकींत अर्ध्या-अर्ध्या खाचेने बसवायची आणि वरून पातळ सुती कापडाची पट्टी गोंदात बुडवून चिकटवायची.

ब्रेसचा तळ सपाट नसतो. त्याला साडेआठ मीटर त्रिज्येचा बाक द्यायचा, म्हणजे ३८० मिमी रुंदीत मधोमध जेमतेम २ मिमी फुगवटा. पाठीला साडेचार मीटर त्रिज्या, फुगवटा ४ मिमीच्या आसपास. हा फुगवटाच कोरड्या हवेत कामाला येतो. टॉप आकसला तर फाटण्याआधी त्याला सपाट व्हायला थोडी जागा उरते.

ब्रिजच्या खाली आतून शिसवीची अडीच मिलिमीटरची पट्टी विसरू नका, तारांच्या गाठी तिच्यावरच टेकतात. ब्रेस कोरून पोखरण्याचे व्हिडिओ बघून हात शिवशिवतात. पहिल्या गिटारला ते करू नका.

साइड वाकवणं

याची सगळे धास्ती घेतात आणि दोन तुकडे मोडल्यावर सगळ्यांना जमतं. चार इंची लोखंडी पाइप शिकंज्यात आडवा धरा, आतून गॅसच्या ज्योतीने तापवा. पाण्याचा थेंब पाइपवर नाचून उडाला पाहिजे. पट्टीवर पाणी शिंपडा, कंबरेच्या जागेपासून सुरुवात करा, पाइपवर दाबून पुढे-मागे झुलवत राहा. जोर लावायचा नसतो. आतला चिकट पदार्थ तापून मऊ झाला की पट्टी एकदम लवते, हाताला ते स्पष्ट कळतं. बाहेरच्या बाजूने पत्र्याची पट्टी धरली तर तंतू उचकटत नाहीत. वाकवलेली साइड लगेच साच्यात आवळा आणि दोन दिवस तशीच ठेवा.

मग पुढचे आणि मागचे ठोकळे, आतल्या कडेच्या पट्ट्या, आणि हायग्रोमीटरकडे बघून बॉडी बंद करा. त्याआधी आतल्या लेबलवर नाव आणि तारखेबरोबर त्या दिवशीची आर्द्रताही लिहा. उद्या कुणी ती दुरुस्त करायला घेतली तर त्याला नावापेक्षा त्या आकड्याचा जास्त उपयोग होईल.

नेक, फ्रेट आणि गंधार

नेक बोल्टने जोडा. डव्हटेलचा (लाकडात लाकूड अडकवून केलेला) जोड सुंदर असतो, पण कोन चुकला की बोल्टचा नेक दहा मिनिटांत निघतो. कोन तपासायची खूण सोपी आहे: फ्रेटवर ठेवलेली सरळ पट्टी ब्रिजच्या माथ्यावर अलगद टेकून जायला हवी. ब्रिजच्या वर राहिली तर सॅडल (ब्रिजमधली, तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी) फार उंच लागेल, ब्रिजला धडकली तर तारा कधीच खाली येणार नाहीत. नेकच्या आत ट्रस रॉड (नेक वाकू न देणारी लोखंडी सळई) घालायचा तो फिंगरबोर्ड चिकटवण्याआधी. हे सांगावं लागतं यावर हसू नका.

फ्रेटची जागा काढायला ६४५ला १७.८१७ने भागा: ३६.२०, हा पहिला फ्रेट. उरलेल्या ६०८.८०ला पुन्हा त्याच आकड्याने भागा: ३४.१७. दोन्हींची बेरीज ७०.३७, हा दुसरा. असं करत बारावा बरोबर ३२२.५०वर यायला हवा. सगळी अंतरं नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) मोजून खुणा करा. एका फ्रेटवरून पुढचा मोजत गेलात तर चुका साठत जातात.

सतारीचे पडदे सरकवता येतात, हे पडदे सरकत नाहीत. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट (त्या बारापैकी एका भागाचा शंभरावा हिस्सा म्हणजे एक सेंट) चढा लागतो. घरात कुणी तंबोऱ्यावर गाणारं असेल तर पहिल्या दिवशी ते नाक मुरडणार, तुमचं मोजमाप बरोबर असलं तरी.

ब्रिज चिकटवताना सॅडल ६४५वर ठेवू नका. तार दाबली की ताणली जाऊन चढते, म्हणून सॅडल थोडं मागे आणि तिरकं: सगळ्यात बारीक तारेला २ ते ३ मिमी जास्त, जाडीला ५च्या आसपास. ब्रिजखाली पॉलिश असेल तर ते खरवडून कोरं लाकूड काढा. दाबून चोवीस तास तसंच ठेवा.

पॉलिश आणि तारा

पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) जाड थर देऊ नका, एवढा जीव ओतून हलका केलेला टॉप त्याने गुदमरतो. लाखेचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने थरावर थर दिलेलं जुनं पॉलिश घरच्या घरी जमतं आणि चूक झाली तर पुसून पुन्हा देता येतं. फक्त पावसाळी हवेत ते पांढुरकं पडतं, म्हणजे इथेही पंचांग आलंच. शिसवीचा जांभळा रंग टॉपवर उतरू नये म्हणून टॉपला आधी दोन थर देऊन बंद करा, मग पाठीकडे वळा.

तारा चढवल्यावर बाराव्या फ्रेटवर बारीक तार २ मिमी आणि जाड तार अडीच मिमी उंच असली की हाताला बरं वाटतं. त्या दिवशी सॅडल शेवटच्या मापाला घासू नका. आठवडाभर गिटार ताणाखाली बसते, टॉप किंचित वर येतो, आकडे बदलतात.

आणि सॅडल एकदम दोन करा. जुलैत टॉप फुगून तारा वर जातात, तेव्हाचं बुटकं. एप्रिलमध्ये टॉप खाली बसून तारा फ्रेटवर खरखरतात, तेव्हाचं अर्धा-पाऊण मिलिमीटर उंच. एकाच्या तळाला पेन्सिलीने ‘पा’ लिहा, दुसऱ्याच्या ‘उ’, आणि जे वापरात नसेल ते केसमध्ये जादा तारांबरोबर ठेवून द्या.